गुप्त औषधांचा दोष नेमका कोणता? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

एकोणिसाव्या शतकातील पेटंट औषधांवरील, म्हणजे घटक गुप्त ठेवून जाहिरातींच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या तयार औषधांवरील, माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. ज्या काळात पदवीधर डॉक्टरच रोग्याचे रक्त काढत होते आणि त्याला पाऱ्याची औषधे देत होते, त्या काळातील गोळ्या विकणाऱ्यांनाच तेवढे भोंदू म्हणणे अन्यायाचे आहे. डॉक्टरांनी जाहिरातींवर घातलेली बंदी ही नीतिमत्ता नसून धंद्याची राखण होती. आणि ही औषधे विकत घेणाऱ्या गोरगरिबांना मी भोळसट ठरवले आहे.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थितीबद्दल वाद नाही. कॅलोमेल या पाऱ्याच्या संयुगाच्या मोठ्या मात्रांनी रोग्याला सतत लाळ सुटे, हिरड्या सडत, दात पडत, आणि ही लाळ म्हणजेच औषध लागू पडल्याची खूण असे कित्येक डॉक्टर मानत. त्या उपचारापेक्षा होलोवे किंवा बीचम या इंग्लंडमधील औषधविक्रेत्यांची रेचक गोळी शरीराला कमी घातक होती, हेही खरे. पण माझा मुद्दा कोणाचे औषध जास्त गुणकारी होते हा नव्हताच. डॉक्टर काय करत होते हे उघड होते, म्हणून ते चुकीचे आहे हे दाखवून देता आले. पॅरिसमधील पिएर लुई या डॉक्टराने न्यूमोनियाच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. कोणाचे रक्त आजाराच्या कितव्या दिवशी काढले, आजार किती दिवस टिकला आणि कोण दगावले, हे मांडून त्याने १८३५ मध्ये दाखवले की रक्त काढण्याचा उपयोग समजला जातो त्यापेक्षा फारच थोडा आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये, लष्कराचा सर्जन जनरल, म्हणजे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, विल्यम हॅमंड याने कॅलोमेल लष्करी औषधांच्या यादीतून काढून टाकले. त्यावरून स्वतःच्याच व्यवसायबंधूंचा प्रचंड रोष त्याने ओढवून घेतला, पण त्याला विरोध करणाऱ्यांनाही वाद कोणत्या पदार्थाबद्दल चालला आहे हे ठाऊक होते.

बीचमच्या गोळीबाबत असा वाद घालायचा कसा? त्या गोळीत काय आहे हे विकणाऱ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा औषधांची रासायनिक तपासणी करून निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले ते १९०९ मध्ये, म्हणजे गोळी बाजारात येऊन अर्धे शतक उलटल्यावर. आत निघाले काय, तर काळा बोळ (कोरफडीचा वाळवलेला रस), सुंठ आणि साबण. ‘डबीचे मोल एक गिनी’ (एकवीस शिलिंग) अशी जाहिरात असलेली छप्पन्न गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला विकली जाई, आणि तिच्यातील द्रव्यांची किंमत होती सुमारे अर्धा फार्दिंग. एका शिलिंगचे बारा पेनी आणि एका पेनीचे चार फार्दिंग होत, हे लक्षात घेतले तर विक्रीची किंमत द्रव्यांच्या किमतीच्या शंभरपटींहून अधिक भरते.

त्या किमतीतील वरच्या दीड पेनीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. तो सरकारी कर होता. १७८३ पासून ब्रिटनमध्ये अशा औषधांवर मुद्रांकशुल्क होते आणि त्याची छापील पट्टी डबीवर किंवा बाटलीच्या बुचावर अशी चिकटवलेली असे, की ती फाडल्याशिवाय औषध उघडताच येत नसे. सरकारला हवा होता फक्त महसूल. पण ज्याच्या हातात ती डबी पडे त्याला दिसे सरकारी शिक्का, आणि सरकारने औषध तपासून हमी दिली आहे असे त्याने समजणे अगदी स्वाभाविक होते. विक्रेत्यांनी हा समज दूर करण्याऐवजी त्याचा फायदाच घेतला.

दुसऱ्या आक्षेपात मात्र बरेच तथ्य आहे आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपण दिलेला नाही, म्हणून मीच देतो. लंडनचे डॉक्टर थॉमस अ‍ॅलिन्सन औषधांपेक्षा कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची भाकरी, व्यायाम आणि मोकळी हवा यांचा पुरस्कार करत, वर्तमानपत्रातून लिहीत आणि आपल्या सल्ल्याची जाहिरातही करत. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिल या ब्रिटिश संस्थेने १८९२ मध्ये त्यांचे नाव नोंदवहीतून काढले आणि १८९४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हेच ते डॉक्टर, ज्यांना संततिनियमनाच्या मतांसाठी लंडनच्या शाकाहारी मंडळातून काढण्याची वेळ आली तेव्हा तरुण गांधीजींनी, ती मते पटत नसूनही, त्यांच्या सभासदत्वाच्या हक्काची बाजू घेतली होती. अ‍ॅलिन्सन यांनी रोग्यापासून काहीही लपवले नव्हते. त्यांच्यावरील कारवाईत धंद्याची राखण नव्हती, असे मला म्हणवत नाही.

याउलट उदाहरण क्लोरोडाइनचे. हिंदुस्थानातील लष्करी सेवेत असलेले डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांनी पटकीवर (कॉलऱ्यावर) उपाय म्हणून तयार केलेल्या या औषधात अफूपासून मिळणारे मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. औषधाची कृती गुप्त, पण डॉक्टरांचे नाव बाटलीवर ठळक. या औषधाचा मूळ जनक कोण, यावर १८६४ मध्ये खटला झाला, तेव्हा न्यायाधीशांनी ब्राउन यांच्या बाजूने काढलेले उद्गार पुढे कित्येक वर्षे जाहिरातीत झळकत राहिले. एका डॉक्टराने आपला सल्ला जाहीर केला आणि दुसऱ्याच्या नावावर अफूचा अर्क खपला. या दोन्हींना ‘जाहिरात’ या एकाच सदरात घालणे मला मान्य नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या आचारसंहितेत जाहिरातीला मनाई आहे आणि गुप्त औषधे देण्यालाही आहे. माझ्या दृष्टीने यांपैकी दुसरी मनाई निर्विवाद योग्य होती. अर्थात ती पाळली किती जाई हा प्रश्न उरतोच, कारण त्याच संस्थेचे नियतकालिक अशा औषधांच्या जाहिराती घेत होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. इंग्लंडमधील कष्टकरी बाईला डॉक्टरची फी परवडत नव्हती आणि कामावर जाताना तान्हे मूल दुसऱ्याच्या हवाली करावे लागे. त्या मुलाला शांत ठेवण्यासाठी ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजले जाई. त्यात अफू होती. मूल रडत नसे, तसे दूधही मागत नसे, आणि हळूहळू खंगत जाई. यात त्या आईला भोळी म्हणण्याचा प्रश्नच येत नाही, कारण बाटलीत काय आहे हे तिला सांगण्याचे बंधन कोणावरही नव्हते. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर नियंत्रणे आणली, पण पेटंट औषधांना त्यातून सूट दिली. माझा राग आहे तो या सुटीवर.

अमेरिकेत स्त्रियांच्या आजारांवर विकल्या जाणाऱ्या लिडिया पिंकहॅमच्या औषधाचेही तसेच. पुरुष डॉक्टरांना सांगायला संकोच वाटे असे आजार असलेल्या हजारो स्त्रिया जाहिरात वाचून ‘मिसेस पिंकहॅम’ना पत्रे लिहीत. त्या बाई १८८३ मध्येच वारल्या होत्या आणि त्यांच्या थडग्याचे छायाचित्र १९०५ मध्ये एका मासिकाने छापले. औषधात सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने अशा औषधांवर बंदी घातली नाही, मद्यार्क, अफू, कोकेन यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण वेष्टनावर छापण्याची सक्ती तेवढी केली. ‘याने कर्करोग बरा होतो’ असा खोटा दावा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये दिला आणि त्यासाठी १९१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. गरिबाला स्वस्त औषध मिळावे हे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्याच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेले असावे, एवढीच माझी मागणी त्या लेखात होती आणि आजही आहे.