अ‍ॅथलेटिक क्लब आणि ‘शुद्ध रक्ता’ची कथा

उत्तर स्पेनमधल्या, बास्क लोकांच्या प्रदेशातल्या बिल्बाओ शहराच्या अ‍ॅथलेटिक क्लब या फुटबॉल क्लबविषयी एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. ‘अ‍ॅटलेटिको बिल्बाओ १८९८ मधल्या स्थापनेपासून केवळ शुद्ध बास्क रक्ताचे खेळाडू घेतो, परक्याला तिथे दार बंद आहे, आणि त्याचे लाल-पांढरे पट्टे बास्क झेंड्यातून आले आहेत,’ असा त्याचा आशय. त्यात स्थापनेचे साल तेवढे बरोबर आहे.

स्थापनेपासून असा नियम नव्हता. इंग्लंडमध्ये शिकून परतलेले बिल्बाओचे तरुण आणि खाणी व गोद्यांच्या निमित्ताने तिथे राहिलेले ब्रिटिश कामगार यांनी हा खेळ त्या शहरात रुजवला. ‘अ‍ॅथलेटिक’ हे इंग्रजी नाव त्याचीच खूण. १९११ च्या कोपा या स्पेनच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेतही संघात इंग्रज खेळाडू होते. त्यावर इतर क्लबांनी हरकत घेतली, बराच वाद झाला आणि त्यानंतर केवळ स्थानिक खेळाडू घेण्याची वहिवाट पडली.

‘रक्ता’चा मुद्दा सर्वांत फसवा आहे. बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथल्या क्लबांत फुटबॉलचे शिक्षण घेतलेला खेळाडू चालतो, असे क्लबचे धोरण आहे. या प्रदेशात स्पेनचा नवारा प्रांत आणि फ्रान्सकडचा बास्क मुलूखही धरला जातो. म्हणजे वंशावळ कोणी मागत नाही, फार तर शाळेचा दाखला पाहिला जातो. सहारा ओलांडून घानाहून आलेल्या दांपत्याचा बिल्बाओत जन्मलेला मुलगा इन्याकी विल्यम्स २०१६ ते २०२३ या काळात ला लिगा या स्पेनच्या अव्वल लीगचे सलग २५१ सामने खेळला, आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉल तो घानाकडून खेळतो. फर्नांडो आमोरेबिएता तर व्हेनेझुएलात जन्मला. अर्थात, क्लबच्या पहिल्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जोनास रामाल्यो, उतरायला २०११ साल उजाडले, हेही नोंदवले पाहिजे; धोरण रक्ताचे नसले तरी त्याची कक्षा हळूहळूच रुंदावत गेली.

परक्याला दार बंद असते, तर फ्रेड पेंटलंड या इंग्रज प्रशिक्षकाची आठवण बिल्बाओत कोणी काढली नसती. त्याच्या हाताखाली क्लबने १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदे मिळवली, बार्सिलोनाला १२-१ असे लोळवले. तो डोक्यावर गोल टणक टोपी घालून येई, आणि मोठा सामना जिंकला की खेळाडू ती हिसकावून तिच्यावर उड्या मारत! पुढे जर्मनीचे हाइंकेस आणि अर्जेंटिनाचे बिएल्सा हेही बाहेरचेच प्रशिक्षक आले. प्रशिक्षकाला ही अट कधीच लागू नव्हती.

पट्ट्यांचे म्हणाल, तर बास्क झेंड्यात हिरवाही आहे, आणि तो या अंगरख्यावर नाही. क्लबचा आधीचा पोशाख निळा-पांढरा होता. १९०९ च्या अखेरीस क्लबचा हुआन एलोर्दुई नवे सदरे आणायला इंग्लंडला गेला. हवे तेवढे मिळेनात, म्हणून परतीची बोट पकडण्यापूर्वी साउथहॅम्प्टन बंदरात तिथल्या संघाचे लाल-पांढरे सदरे घेऊन आला, अशी हकिकत सांगितली जाते. बास्क विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये माद्रिदमध्ये काढलेल्या शाखेनेही, म्हणजे आजच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने, तेच पट्टे उचलले.

राहिले नाव. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने परकी शब्दांवर बंदी आणल्यामुळे १९४१ मध्ये क्लबला ‘अ‍ॅटलेटिको’ व्हावे लागले, आणि मूळ ‘अ‍ॅथलेटिक’ परत यायला १९७२ उजाडले. बास्क अस्मितेचे गोडवे गाणारा हा मजकूर क्लबला हाक मात्र फ्रँकोने लादलेल्या नावाने मारतो.