भूक काय बाराच्या ठोक्याला लागते?

सकाळी साडेसहाला आमच्या चौकात मजूर अड्डा भरतो. नांदेड-परभणीकडची माणसं, पिशवीत थापी, बायकांच्या कडेवर पोरं. परवा दूध आणायला गेलो, तर एक मावशी चहात बटर बुडवून निम्मा स्वतः खात होत्या आणि निम्मा पोराला भरवत होत्या. नाष्टा काय तो एवढाच. नुसता चहाच १० रुपयांचा.

आणि रस्त्यापलीकडे १० रुपयांत शिवभोजन थाळी! दोन चपात्या, भाजी, वरण, भाताची मूद. फक्त शटर बंद. दुपारी बाराला उघडणार. अहो, बाराला या मावशी कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर घमेली वाहत असतात. त्या काय मुकादमाला सांगणार, "थांबा, जेवून येते"? म्हणजे जेवण स्वस्त केलंत आणि ते नेमकं भुकेलं माणूस जवळपास नसताना वाढताय! ही अक्कल कुणाची?

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला फोन केला. "ती राज्याची योजना आहे, पुरवठा विभागाकडं जा." बरं, राज्याची. मग शहर कुणाचं? चेन्नईच्या महापालिकेने २०१३ साली स्वतः अम्मा उणवगम ही स्वस्त खानावळ सुरू केली. सकाळी सातला १ रुपयाला इडली! तिथले मजूर काय वेगळ्या पोटाचे आहेत? आमच्याकडं समाजमंदिरं वर्षभर कुलूपबंद, मंडईचे गाळे धूळ खात पडलेत. उद्‌घाटनाच्या फ्लेक्सला मात्र कधी जागा कमी पडत नाही.

शिवभोजन केंद्र चालवणाऱ्याला तरी किती बोलणार? योजना आली तेव्हा, २०२० साली, शहरात थाळीला ५० रुपये दर ठरला. १० गिऱ्हाइकाचे, ४० सरकारचे. हे ४० म्हणे महिनोन्‌महिने येतच नाहीत. "किराणावाला आता उधार देईना," म्हणाला. त्यात प्रत्येक जेवणाऱ्याचा ॲपवर फोटो काढायचा. १० रुपयांच्या वरणभातासाठी माणसाने ताट धरून कॅमेऱ्यात बघायचं. कंत्राटदाराचं बिल पास करताना काढता का हो असा फोटो?

१९९५ च्या १ रुपयाच्या झुणका-भाकरी योजनेचंही वाटोळंच झालं. मोक्याच्या जागेवर स्टॉल, आणि पुढं कित्येक ठिकाणी भाकरी गायब होऊन चायनीज. जागा मात्र कुणी सोडली नाही!

वर आमच्या सोसायटीतले काका सांगतात, "स्वस्तात दिलं की लोक आळशी होतात." काका, तुम्ही साडेसहाला उठून दाखवा आधी.

शेवटी महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली : सकाळी सातला जेवण मिळेल असं काहीतरी करा. आज सव्वासातला मी अड्ड्यावरच उभा असताना मेसेज आला. "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया अभिप्राय नोंदवा." समोर मावशी त्याच बंद शटरला टेकून टेम्पोची वाट बघत होत्या.