रेपॉझिटरीची जन्मतारीख

ओरॅकल डेटाबेसमध्ये टूलच्या रेपॉझिटरीचे (टूल स्वतःची माहिती ठेवतं ते) टेबल एका युजरकडे आणि ॲप्लिकेशनचे दुसऱ्याकडे, एवढंच मागितलं होतं. टूलचं अपग्रेड आलं की त्याची स्क्रिप्ट रेपॉझिटरीच्या टेबलांवरून नांगर फिरवते. त्या वाटेत ग्राहकांची बिलं नसलेली बरी. ओरॅकलमध्ये स्कीमा, म्हणजे टेबलांचं वेगळं घर, हवा तर युजर काढावाच लागतो. दोन क्रिएट युजर, थोडा कोटा म्हणजे जागा, चार ग्रँट म्हणजे परवानग्या. संपलं.

पण आमच्याकडे युजर म्हटलं की ॲक्सेस डेस्कचा फॉर्म भरायचा. तोही डेस्कवरच्या साहेबांसमोर बसून.

"नाव?"

"रेपो ओनर."

"एम्प्लॉयी नंबर?"

"नाही हो, तो माणूस नाही. टेबलांचा मालक आहे."

"मालक आहे आणि माणूस नाही?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं, जन्मतारीख?"

"आजची टाका."

"अठराच्या आतला सिस्टीम घेत नाही."

शेजारी एक गृहस्थ लॅपटॉपचा चार्जर बदलून घ्यायला आले होते. त्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. ते म्हणाले, "एक जून टाका की. आमच्या गावात निम्म्यांची तीच आहे. मास्तरांनी टाकलेली."

साहेबांना पटलं. रेपो ओनर १ जून १९९० रोजी जन्मले. मग ॲप ओनर.

"यांचीही एक जूनच? डुप्लिकेट म्हणून उडेल. मॅनेजर एक, डिपार्टमेंट एक..."

"जुळे असतील," चार्जरवाले म्हणाले. "दोन जून टाका."

"जुळ्यांत एक दिवसाचा फरक?"

"रात्रीचे बारा वाजून गेले असतील!"

दोघंही समाधानाने हसले. मी हसलो नाही. ओरॅकलच्या सुरुवातीच्या काळात ब्रूस स्कॉट या प्रोग्रॅमरच्या नावाने सरावाचा युजर निघाला, पासवर्ड 'टायगर', म्हणजे घरच्या मांजरीचं नाव. पुढे कित्येक वर्षं जगभरची पोरं त्या मांजरीच्या जिवावर एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा शिकली. त्या मांजरीची जन्मतारीख कोणी विचारली होती?

युजर आले, पण कोटा नाही. पहिल्याच इन्सर्टला ओआरए-०१९५०, म्हणजे जागा वापरायची परवानगी नाही. कोट्याचा फॉर्म वेगळा. कोटा मिळाला तर ॲप ओनरला रेपॉझिटरीचा टेबल दिसेना. परवानगी नसली की ओरॅकल 'टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वातच नाही' म्हणतं. सुरक्षेसाठी ते योग्यच, पण समोर दिसणारा टेबल नाही म्हणून ऐकून घ्यायला जड जातं. मग ग्रँट मिळाली ती रोलमधून, म्हणजे परवानग्यांच्या गठ्ठ्यातून, आणि रोलमधली ग्रँट साध्या स्टोअर्ड प्रोसीजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमच्या) आत चालत नाही. थेट ग्रँटला पुन्हा फॉर्म.

आणि ज्या जुन्या सिस्टीमवर सगळी टीम एकाच डीबीए, म्हणजे सर्वाधिकारी, युजरने शिरते, जिचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपच्या वर्णनात लिहिलाय, तिच्याबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. रांग फक्त नीट करायला निघालेल्याला.

त्यात माझ्या दोन्ही युजरना प्रोफाइल, म्हणजे पासवर्डचे नियम, माणसांचं लागलंय. १८० दिवसांनी पासवर्ड संपणार. आगाऊ सूचनेची मेल जाणार रेपो ओनरच्या मेलबॉक्सला, आणि रात्रीचा जॉब पडला की फोन मला. ते बदलून मागितलं तर साहेब म्हणाले, "त्यांनाच अर्ज करू द्या ना."

अजून प्रॉडक्शनचे दोन युजर बाकी आहेत आणि साहेब सोमवारपर्यंत रजेवर.