‘38 किलोमीटर कुठे गेले?’ या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या गॅरेजविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि मगच उत्तर लिहायला बसलो. थांबलेल्या जागेवरून उचलताना गचके खाणारी आणि मधूनच बंद पडणारी आपली मोटरसायकल सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे आली आणि गुरुवारी संध्याकाळी परत गेली. या तीन दिवसांत आपली गैरसोय झाली आणि बुधवारी दिवसभरात आमच्याकडून आपल्याला एकही फोन गेला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. फोन करायला हवा होता, त्याला माझ्याकडे कोणतीही सबब नाही.

आपण पुढे असे लिहिले आहे की, गॅरेजमधल्या पोरांनी गाडी मजेत फिरवली, मीटरवर 38 किलोमीटर वाढवले, पेट्रोल जाळले आणि शेवटी बदलला काय, तर मुठीत मावेल एवढा रबराचा तुकडा. तीन दिवसांचा राग मी समजू शकतो. या 38 किलोमीटरांचा आरोप मात्र मला निमूटपणे ऐकून घेता येत नाही, कारण हा आकडा आपल्याला समजला तोच मुळी आमच्या जॉब कार्डावरून, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद असलेल्या कार्डावरून. गाडी घेताना आणि देताना मीटरवरचा आकडा आम्ही आपल्या डोळ्यांदेखत लिहितो. ज्याला लपवाछपवी करायची असते तो असा पुरावा स्वतःच्या हाताने ग्राहकाच्या खिशात घालत नाही. आपला अभिप्राय प्रसिद्ध झाल्यापासून दोन नेहमीच्या ग्राहकांनी गाडी सोडताना ‘ट्रायल किती किलोमीटर घेता?’ असे मला विचारले. त्यांनी ते हसत विचारले, पण विचारले. त्यामुळे या 38 किलोमीटरांचा हिशेब येथे सर्वांसमोर मांडणे मला भाग आहे.

गाडी देताना ‘क्लच घसरतो आहे, प्लेटा बघून घ्या’ असे आपण सांगितले होते आणि कार्डावरही तेच लिहिले आहे. गाडी जागेवरून उठत नसेल तर बहुतेक जण क्लचचेच नाव घेतात, त्यात आपले काही चुकले असे मी म्हणत नाही. पण दुखणे आणि दुखण्याचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्हाला दुखणे तपासावे लागते. त्याच संध्याकाळी माझ्या हाताखालच्या अनुभवी कारागिराने 3 किलोमीटरांची पहिली चक्कर मारली. वरच्या गिअरमध्ये गाडी सावकाश चालवून एकदम रेस दिली असता इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. आपल्या गाडीत आवाज आणि वेग बरोबरीने वाढत होते. क्लचच्या लिव्हरला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, योग्य होता, मागचे चाक हाताने मोकळे फिरत होते म्हणजे ब्रेकही धरून बसलेला नव्हता, आणि चेनचा ताण ठीक होता. मात्र परत येताना गाडी दोनदा जागेवरून उचलताना गुदमरली आणि एकदा बंद पडली.

आम्ही त्याच रात्री क्लच प्लेटा बदलून दिल्या असत्या, तर आपणच सांगितलेले काम झाले असते, आमचे बिल वाढले असते आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या दारात उभी राहिली असती. तिचे दुखणे मात्र जसेच्या तसे राहिले असते.

मंगळवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हांपाशी सोडलेले बारीक अंतर, तपासले. हे काम गरम इंजिनावर होत नाही, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि अंतर बदलते. म्हणूनच आदल्या रात्री गाडी थंड होत ठेवावी लागली. आपण ज्याला ‘गाडी नुसती उभी होती’ म्हणता, त्यातली एक अख्खी रात्र या कामाची होती. फिलर गेजची, म्हणजे हे अंतर मोजण्याची, पाती दोन्ही व्हॉल्व्हांना जशी सरकायला हवी तशी सरकली, म्हणजे तिथे दोष नव्हता. प्लग काढून पाहिला तेव्हा त्याचे टोक पांढरट निघाले. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात असल्याची शंका येथूनच सुरू झाली, आणि थोडा चोक ओढून ठेवला की गाडी सुरळीत उठते हे पाहिल्यावर ती शंका पक्की झाली, कारण चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते.

दुसरी चक्कर 9 किलोमीटरांची. ती मी स्वतः मारली आणि त्यात पहिले 6 किलोमीटर गाडीने एकही तक्रार केली नाही. इंजिन चांगले तापल्यावर, थांबून पुन्हा निघताना, गचके सुरू झाले. हा दोष दुकानाच्या दारात उभे राहून, रिकामी रेस देऊन दिसणारा नव्हता. गाडी तापवायला, थांबवायला आणि उचलायला रस्ताच लागतो. या एका गोष्टीसाठीच मी हे इतके लांबलचक लिहितो आहे.

येथे एक गोष्ट मला नाइलाजाने नमूद करावी लागते. कार्बोरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, आयडलिंगचा स्क्रू (उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा) बराच आत फिरवलेला होता आणि गाडी उभ्या जागी नेहमीपेक्षा पुष्कळच जोरात चालत होती. गाडी सिग्नलला बंद पडू नये म्हणून घरी कोणी तो फिरवला असेल तर त्यामागचा हेतू मी समजतो, पण त्याने दोष बुजत नाही, फक्त झाकला जातो, आणि शोधणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. गाडी नेताना आपण ‘हो, तो मी थोडा फिरवला होता’ असे म्हणालात; हेच वाक्य सोमवारी ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते. आपल्या अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, म्हणून येथे केला.

मंगळवारी दुपारी कार्बोरेटर उतरवला. स्लो जेट, म्हणजे रेस अगदी थोडी उघडलेली असताना ज्यातून पेट्रोल येते ते केसाएवढे छिद्र, अर्धवट बुजलेले निघाले. ते साफ केले, हवेने फुंकले, उजेडाकडे धरून आरपार पाहिले आणि दोष सापडला असे आम्ही समजलो. आमची चूक झाली असेल तर ती येथे झाली, आणि ती मी कबूल करतो. बुधवारी सकाळी 12 किलोमीटरांची तिसरी चक्कर मारली. सुरुवातीला गाडी छान उठली आणि मी परतीला लागलो, तोच तिसऱ्या थांब्यावर तेच गचके आले. त्या वेळी आपल्याला फोन करून ‘अजून सापडले नाही’ असे सांगायला हवे होते. खरे सांगायचे तर ते सांगण्याची लाज वाटली, आणि आधी दोष शोधू, मग फोन करू, असे म्हणता म्हणता संध्याकाळ झाली.

कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारे जे मॅनिफोल्डचे रबर असते, ते कुठून तरी हवा घेत असावे हा पुढचा संशय होता. गाडी उभ्या जागी चालू ठेवून रबरावर पाण्याची बारीक फवारणी केली, कारण चीर असेल तर ती पाण्याने क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो; तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही. मग एकाने पुढचा ब्रेक घट्ट दाबून गाडी गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर धरली, म्हणजे इंजिनावर निघतानाचा भार आला, आणि मी खाली बसून रबराच्या खालच्या बाजूला पाणी मारले. अडखळणारा आवाज क्षणभर सरळ झाला आणि पाणी आत ओढले गेल्यावर पुन्हा अडखळू लागला. रबर काढून अंगठ्याने वाकवले तेव्हा खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेलगत, नखाएवढी चीर उघडली. अंगठा काढला की ती मिटून दिसेनाशी होत होती. थंड असताना रबर ताठ राहते आणि चीर मिटलेली असते. तापून ते मऊ पडले आणि निघताना इंजिनाने झटका घेतला की ती उघडते.

एवढ्याशा चिरेने एवढे काय होते, असे आपण विचारले होते. रेस थोडीच उघडलेली असते तेव्हा इंजिन मुळातच फार थोडी हवा घेत असते आणि त्याची ओढ मात्र जबरदस्त असते, त्यामुळे चिरेतून शिरणारी फुकटची हवा एकूण मिश्रणाचा मोठा हिस्सा होऊन बसते आणि पेट्रोल अपुरे पडते. गाडी वेगात असताना तीच हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. ‘पळताना छान पळते, फक्त निघताना मरते’ हे आपले म्हणणे अगदी बरोबर होते, आणि सोमवारी क्लचऐवजी हेच वाक्य कार्डावर लिहून घेतले असते तर आमचाही वेळ वाचला असता. ते नीट विचारून घेणे आमचे काम होते, हेही मान्य आहे.

नवे रबर गुरुवारी दुपारी मिळाले. ते बसवायला अर्धा तास लागला, आणि आपण लिहिलेला ‘अर्ध्या तासाचे काम’ हा शब्दप्रयोग तेवढ्यापुरता खरा आहे. त्यानंतर आयडलिंग पुन्हा जागेवर आणले आणि चौथी चक्कर 14 किलोमीटरांची मारली, कारण मागच्या वेळी दोष उशिरा उगवला होता आणि या वेळी मला फसायचे नव्हते. त्या चकरेत मी गाडी पंधरा-वीस वेळा मुद्दाम थांबवून उचलली. रस्त्यावरचे लोक माझ्याकडे पाहत होते.

3, 9, 12 आणि 14 मिळून 38 होतात. त्यातले 35 किलोमीटर मी स्वतः चालवले आहेत, आणि ज्यांना आपण ‘पोरं’ म्हटले आहे त्यांच्यापैकी शिकाऊ मुलांना ग्राहकाची गाडी रस्त्यावर नेण्याची आमच्याकडे परवानगीच नाही. त्यातल्या एका मुलाने आपला अभिप्राय मला वाचून दाखवला आणि ‘आपण काय केलं?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पेट्रोल या चकरांत एक लिटरच्या आसपास गेले असेल. ते परत भरून द्यायला हवे होते हे आपले म्हणणे रास्त आहे आणि ते भरून देण्याची माझी तयारी आहे.

यापुढे ट्रायलची प्रत्येक चक्कर कार्डावर लिहिण्याचा आमचा विचार आहे, फोनच्या बाबतीतही काही व्यवस्था करतो आहोत.

जुने रबर मी पिशवीत घालून ठेवले आहे. आपण येऊन ते अंगठ्याने वाकवून पाहावे. नवे रबर काही वेळा तापून थंड झाले की त्याच्या क्लिपा एकदा तपासून आवळाव्या लागतात, त्याचे पैसे घेतले जाणार नाहीत. तोपर्यंत आयडलिंगच्या स्क्रूला कृपया हात लावू नये, आणि येताना गाडी थेट चालवत, गरम असतानाच आणावी, कारण हा दोष तापल्यावरच दिसतो.

आपला,
गॅरेजचालक