वर्गांच्या याद्या अडगळ कधी होतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, "विकीवरचे वर्ग म्हणजे अडगळीची खोली. खानापूर तालुक्यातली गावं बघायला गेलो तर सांगलीकडची निघाली आणि हलशीचा पत्ताच नाही. त्यापेक्षा शोधपेटी बरी."

तक्रार खरी आहे, पण खापर वर्गांवर, म्हणजे विकिपीडियाच्या पानांच्या विषयवार याद्यांवर, फोडू नका. खानापूर दोन आहेत. एक आपलं बेळगाव जिल्ह्यातलं, ज्याच्या तालुक्यात हलशी हे गाव आहे; दुसरं सांगली जिल्ह्यातलं, ज्याच्या तालुक्याचा कारभार विट्याहून चालतो. वर्गाच्या नावात जिल्हा घातला नाही की दोन्हीकडची गावं एकाच पोत्यात पडणार. पानात काय लिहिलंय याच्याशी विकीला देणंघेणं नसतं, [[वर्ग:...]] मध्ये जी अक्षरं टाकली तेवढीच ते मोजतं. 'खानापूर तालुक्यातील गावे (बेळगाव जिल्हा)' हे नाव लांबलचक वाटेल, पण तेच हवं. आणि शोधपेटीत नुसतं 'खानापूर' टाकलं तर हाच घोळ तिथेही होतोच की.

'बेळगाव', 'बेळगांव' आणि 'बेळगावी' हे विकीच्या लेखी तीन निरनिराळे वर्ग. २०१४ च्या नामांतराची बाजू कुणी कुठलीही घेवो, वर्गाचं एकच रूप ठरवून ते पाळावं लागतं. मोठी चूक होते ती इथे: वर्गाचं पान नव्या नावावर हलवलं की काम झालं असं वाटतं. आतली पानं मात्र जुन्याच वर्गात राहतात. प्रत्येक पान उघडून ती ओळ बदलायची, नाहीतर सांगकाम्याकडून (आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामकडून) बदलून घ्यायची.

आता जिल्ह्यात गावं हजाराच्या वर. वर्गाचं पान एका वेळी २०० नावं दाखवतं. सगळी गावं एकाच वर्गात कोंबली तर निदान पाच वेळा 'पुढील पान' दाबायचं, म्हणून तालुकावार उपवर्ग. मात्र उपवर्गातली पानं वरच्या वर्गाच्या यादीत उतरत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उपवर्गाशेजारचा छोटा बाण दाबला की खालचे उपवर्ग उलगडतात.

देवळांच्या वर्गात वेगळीच गंमत. पानाचं नाव 'श्री'ने सुरू झालं की अर्धा जिल्हा 'श'खाली गोळा. उपाय एका उभ्या रेघेचा: [[वर्ग:बेळगाव जिल्ह्यातील मंदिरे|भूवराह नरसिंह मंदिर]]. रेघेनंतरचं नाव फक्त क्रमासाठी, वाचकाला शीर्षक मूळचंच दिसतं.

शोधपेटी कुठे सरस? नाव आणि त्याचं लेखन दोन्ही ठाऊक असेल तिथे. पण 'हलशी' लिहायचं की कन्नड वळणाचं 'हलसी'? आणि कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळते, तशा आणखी कुठल्या नद्या मिळतात, हे विचारायला नावंच माहीत नसतात. तिथे 'कृष्णेच्या उपनद्या' हा वर्ग एका नजरेत घटप्रभेपर्यंत नेतो.

राहिली हलशी. तिचं पान उघडून तळाचा वर्ग बघा. तो लाल असेल तर वर्गाचं पानच कुणी तयार केलेलं नाही. आत गावं असतील, पण वरच्या वर्गाशी सांधा नसल्यामुळे जिल्ह्याकडून खाली येणाऱ्याला तो दिसणार नाही. त्या लाल नावावर टिचकी मारा, [[वर्ग:बेळगाव जिल्ह्यातील गावे]] एवढी एकच ओळ लिहा आणि जतन करा.