पिनकोड टाकला का?

परवा पंचवटीत एका द्राक्षवाल्या शेठच्या ऑफिसात माझी जी शोभा झाली ती अजून डोक्यातनं जात नाहीये. काम साधं, पिंपळगावच्या पॅकहाउसमधनं वजनाच्या पावत्या जावा प्रोग्रामच्या सॉकेटवरून, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधल्या थेट नळीतनं, इकडे यायच्या. आल्या, पण पीडीएफ उघडेना, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी डोक्यावर काप असलेला इंग्रजी ए, शेजारी गोचिडासारखं चिन्ह. ओळभर नुसते ए आणि गोचीड.

शेठचे मामा शेजारीच बसलेले, पोस्टातनं सॉर्टर म्हणून रिटायर.

"पत्ता चुकला असेल."

"मामा, पोचतंय. वाचता येत नाहीये."

"पिनकोड टाकला का?"

"याला नसतो पिनकोड."

"मग कसं पोचेल? १९७२च्या १५ ऑगस्टला पिनकोड आला, तेव्हापासून पत्र चुकलं की पहिलं तेच बघायचं. नाशिक ४२२००१! झोपेतनं उठवून विचार."

मी जागेपणीही विचारलं नव्हतं. मग तार २०१३ला बंद केली ती कशी चूक होती हे ऐकलं, मान डोलावली, आणि तेवढ्यात चूक सापडली. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या एका पद्धतीत (अशा पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात), देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं, पिंपळगावचं लिनक्स तसंच पाठवतंय, इकडे विंडोजवर जुनी जावा ८, ती आपल्या सवयीच्या एन्कोडिंगने त्या तिन्हींची तीन वेगळी अक्षरं करतेय. (जावा १८पासून डीफॉल्टच यूटीएफ-८ आहे, पण शेठ अपग्रेड म्हटलं की खर्च ऐकतात.) पीडीएफचं पाप माझंच, फाइलचं नाव वाचायला बफर्डरीडर, म्हणजे जावाचा ओळी वाचणारा गडी, लावलेला, त्याला एक ओळ मागितली की पुढचंही घशात घालतो, फाइलचं तोंडच गायब. आता दोन्हीकडे यूटीएफ-८ लिहिलं, आधी लांबी पाठवली आणि मोजून तेवढेच बाइट एकाच डेटाइनपुटस्ट्रीममधनं (हा जावाचा मोजून बाइट वाचणारा) वाचले.

रन केलं, त्याच क्षणी मामांनी नेटची वायर उपसली, उपरण्याने पुसली, परत खोचली.

पावती उघडली, नाव स्वच्छ मराठीत!

"बघा," शेठ म्हणाले, "मामांचा हात लागला अन् झालं. मग भाऊ, वायर पुसायचे एवढे पैसे?"

बफर्डरीडर समजावायला लागलो तर शेठ फोनवर. बिलातले पाचशे कापले ते कापलेच. मामांना द्राक्षांची पेटी, मला चहा, तोही बिनसाखरेचा, कारण मामांना शुगर आहे.