सर्टिफिकेट आहे, पण व्हॅक्यूम कोण मारणार?

पोरांना काम येत नाही म्हणून मालक बोंबलतात आणि काम मिळत नाही म्हणून पोरं बोंबलतात, आणि दोघंही खरं बोलतायत. आमच्या एसी सर्व्हिसिंगच्या धंद्यात हे रोज बघतोय. एप्रिल-मेमध्ये कुर्ला-घाटकोपर पट्ट्यात फोन उचलायला फुरसत नसते, माणूस पाहिजेच असतो, आणि येतो कोण तर तीन महिन्यांचा कोर्स केलेला पोरगा, हातात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. कॉपर पाइपची फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवायचं तोंड, तिरकी मारतो, नट आवळला की तिथूनच गळती, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे. गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम मारून हवा आणि ओल काढायची हे त्याला पेपरात लिहिता येतं, पण पंप स्वतः कधी चालवलेलाच नाही, कारण सेंटरवर पंप एक आणि पोरं वर्गभर!! त्याचा काय दोष सांगा.

स्किल इंडिया, म्हणजे केंद्राची ट्रेनिंगची मोहीम, २०१५ ला आलं, तेव्हापासून सगळा जोर किती जणांना ट्रेनिंग दिलं या आकड्यावर. अरे पण काम साइटवर शिकतात. १८८७ ला याच मुंबईत व्हीजेटीआय हे टेक्निकल कॉलेज निघालं ते गिरण्यांना माणसं लागत होती म्हणून, आधी काम होतं मग वर्ग भरला.

अप्रेंटिसचा कायदा १९६१ पासून आहे, ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पण घेतले तरी कित्येक ठिकाणी स्वस्तातला हेल्पर म्हणूनच राबवतात. राज्याने २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, कामावर ट्रेनिंग आणि महिन्याला भत्ता, बारावीला ६ हजार, आयटीआयला ८, ग्रॅज्युएटला १०. पैसे थेट खात्यात, हे चांगलंच केलं. पण बरीच पोरं सरकारी ऑफिसात लागली आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. फायली लावून कुठलं स्किल येणार होतं? तीच पोरं गॅरेजला, वायरमनकडे, आमच्यासारख्या छोट्या दुकानांत पाठवा की, आणि मधेमधे कोणीतरी येऊन बघा खरंच शिकवतायत का नुसतं झाडू मारायला लावतायत.

आणि आमच्या धंदेवाल्यांनापण सांगतो, बारा हजारात स्किल्ड माणूस पाहिजे म्हणता, तो विरारहून येणार, चौदाव्या मजल्यावर बेल्टशिवाय ग्रिलवर लटकणार, वर पावसाळ्यात त्याला घरी बसवणार. कोण टिकेल? डिलिव्हरीची बाइक परवडली म्हणतो तो, बरोबरच आहे त्याचं.

आयटीआयचा आरएसी (रेफ्रिजरेशन-एसी) ट्रेडवाला कोणी ओळखीत असेल, मुलगी असेल तरी चालेल, इनबॉक्स करा. पहिल्या महिन्यापासून पगार, बेल्ट माझा, फक्त उंचीची भीती नको.